टाकी आणि कुरुंद

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण मराठी माणसाला शाळेच्या वयातच भेटते आणि पुढे निबंधापासून निरोपसमारंभापर्यंत जन्मभर सोबत करते. तिच्या आशयाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर ती अर्धवट आहे. टाकी दगडाला आकार देते. गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडात मूर्तीच्या अंगावर जी नितळाई आपल्याला दिसते, ती टाकीच्या घावांनी येत नाही. ते घाव पुसल्याने येते. वाळू, कुरुंदाची पूड, पाणी आणि दिवसचे दिवस एकाच जागेवर फिरणारा हात, ही त्या देवपणामागची साधने. म्हणीने टाकी लक्षात ठेवली आणि घासणारा हात ती विसरली.

हा विसर योगायोगाचा नाही, असे आम्हांला वाटते. घडवण्याची बहुतेक कामे आपली खूण मागे ठेवतात. चाकावर उतरलेल्या मडक्याच्या आतल्या बाजूस कुंभाराच्या बोटांच्या रेघा राहतात, ओतीव वस्तूवर साच्याची शिवण राहते, कातळावर टाकीचा टवका राहतो. घासकामाची गोष्ट उलटी आहे. आधीच्या प्रत्येक हाताची खूण नाहीशी करणे आणि शेवटी स्वतःचीही खूण न ठेवणे, हेच त्याचे यश. इतिहास मात्र खुणांवर जगतो. जे काम नीट झाले असता पुरावाच उरत नाही, त्याचा इतिहास लिहायचा कसा, हा आमचा प्रश्न आहे. तो तपासण्यासाठी आम्ही कोल्हापूर निवडले आहे. या एका जिल्ह्यात अत्यंत कठीण पदार्थांना घासून नेमके रूप देण्याच्या व्यवहाराचे दोन हजार वर्षांचे तुकडे सापडतात. आणि आजचे जे प्रगत सिरॅमिक उद्योगजगताला हवे असते, त्याचा कच्चा मालही याच जिल्ह्याच्या पठारांवर आहे.

आरंभ शब्दांपासून करू, कारण वस्तूंपेक्षा शब्द थोडे अधिक चिवट असतात. संस्कृतातला ‘शाण’ म्हणजे धार लावण्याचा किंवा रत्न घासण्याचा दगड. देवघरात चंदन उगाळायची ‘सहाण’ हे त्याचेच घरगुती रूप मानले जाते. हत्यारांना झिलई देणारा तो ‘शिकलगार’; या शब्दाचे मूळ अरबी ‘सैकल’ म्हणजे चकाकी आणणे. कोल्हापूर-सांगलीकडे शिकलगार हे आडनाव आजही सर्रास भेटते. तलवारी गेल्या, आडनाव राहिले. ‘झिलई’ हा शब्दही अरबी ‘जिला’वरून आलेला. दरबारी शस्त्रागारातून आलेले हे शब्द आणि ‘घासणे’, ‘घोटणे’, ‘उगाळणे’ हे घरचे शब्द मराठीत शेजारी नांदतात. आणि ज्या पदार्थाने हे सारे व्हायचे, तो कुरुंद. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत माणकाच्या उगमाची जी स्थाने सांगितली आहेत, त्यांत कुरुविंद आहे. आधुनिक रसायनशास्त्राने हे नाते पक्के केले: माणिक, नीलम आणि घासायचा ओबडधोबड कुरुंद हे तिन्ही एकाच पदार्थाचे, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, स्फटिक आहेत. फरक आहे तो अत्यल्प अशा भेसळीचा. म्हणजे जे रत्न घासायचे आणि ज्या पुडीने घासायचे, ती दोघे सख्खी भावंडे. एकाला राजमुकुटात जागा मिळते, दुसऱ्याची धूळ होते.

काव्यपरंपरेने यातले काय टिपले? भर्तृहरीच्या नीतिशतकात क्षीण होण्यानेच शोभणाऱ्या गोष्टींची एक प्रसिद्ध मालिका आहे. तिच्या आरंभी शाणेवर घासलेला मणी येतो आणि अखेरीस याचकांना देऊन देऊन रिता झालेला दाता येतो. वामन पंडितांनी शतके मराठीत आणल्यामुळे ही प्रतिमा आपल्याकडेही रुजली. कल्पना तंत्रदृष्ट्या अचूक आहे, कारण घासणे म्हणजे वजाबाकी. मणी उजळतो तो काही मिळवून नव्हे, गमावून. तरीही त्या मालिकेत मणी आहे, शूर योद्धा आहे, हत्ती आहे, नदी आहे, चंद्रकोर आहे. शाण फिरवणारा नाही. ही कवीची चूक म्हणता येणार नाही. त्याची दृष्टी क्षीण होणाऱ्या वस्तूवर होती. आम्ही फक्त एवढेच नोंदवतो की म्हण आणि सुभाषित या दोन्ही वाटांनी ही व्यक्ती निसटली आहे.

आता वस्तूंकडे येऊ. पंचगंगेच्या काठी कोल्हापूरची ब्रह्मपुरी ही टेकडी. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील विटांची घरे, नाणी, भांडी येथे मिळाली. या टेकडीवरच सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी रोमन कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीची ओळखच होऊन बसली आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जाणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थबकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वस्तीत अर्धमौल्यवान दगडांचे आणि काचेचे मणीही होते. दीक्षित हे मण्यांचे जाणकार. रासायनिक लेपाने नक्षी काढलेल्या भारतीय मण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९४९ सालचा आहे, आणि भारतीय काचेचा इतिहासही पुढे त्यांनीच लिहिला. मण्यांकडे दागिन्याच्या नव्हे, तर तंत्राच्या नजरेने पाहण्याची शिस्त मराठी संशोधनात त्यांच्यामुळे आली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

अकीक आणि कार्नेलियन हे दगड दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत तयार होतात. त्यांची कठीणता मोसच्या मापनात सुमारे सात, म्हणजे पोलादी सुरीचा ओरखडा त्यांच्यावर उठत नाही. ते ठिसूळही असतात; जोर चुकला की टवका उडतो. कठीण आणि ठिसूळ, हे आजच्या सिरॅमिकचेच दोन गुण. म्हणून मणिकारापुढचा पेच आणि आजच्या सिरॅमिक कारखान्यातला पेच मुळात एकच आहे: वाकत नाही, वितळवून ओतता येत नाही, छिन्नीला दाद देत नाही, अशा पदार्थाला नेमक्या मापाला आणायचे कसे? उत्तरही एकच आहे. त्याच्याहून कठीण अशा कणांनी, थोडे थोडे, पुष्कळ वेळ.

मणिकारांचे हे काम आपल्याला कळले कसे, ती हकीकत आमच्या मुद्द्यासाठी फार मोलाची आहे. मण्याचा बाहेरचा पृष्ठभाग काही सांगत नाही. तो इतका घोटलेला असतो की सर्व पायऱ्या पुसल्या गेलेल्या असतात. पण दोऱ्यासाठी पाडलेले भोक कोणी घोटीत बसत नाही. लेनर्ड गोरेलिक आणि जॉन ग्विनेट या दोन अमेरिकी अभ्यासकांनी प्राचीन मण्यांच्या भोकांत सिलिकोनचा लगदा भरला, त्याचे ठसे काढले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोघेही दंतवैद्यकातले. दातांत भोक पाडणे आणि भोकाचा ठसा घेणे ही त्यांची विद्याच. भोकाच्या भिंतीवर त्यांना नियमित, समकेंद्री खाचा दिसल्या. पुडीने कोरलेले भोक असे दिसत नाही. हिऱ्याचे टोक बसवलेल्या सामत्याने पाडलेलेच असे दिसते. हिऱ्याने भोक पाडण्याचे तंत्र भारतातून पश्चिमेकडे पसरले, असा त्यांचा १९८८ सालचा निष्कर्ष होता. कारागिराची साक्ष मिळाली ती मण्याच्या दर्शनी तेजात नव्हे, तर कोणी पाहणार नाही म्हणून तशीच सोडलेल्या अंधाऱ्या भोकात.

हेच खिद्रापुरात वेगळ्या तऱ्हेने दिसते. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी शिलाहारांच्या काळात उभारलेले कोपेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या सभामंडपातल्या गोलाकार खांबांवरची कडी आणि खोबणी इतकी नितळ आहेत की खांब चरकावर फिरवून उतरवले असावेत, असे पाहणाऱ्याला वाटते. दख्खनचा काळा पाषाण असा गुळगुळीत करायचा तर प्रत्येक खोबणीत आधी जाड आणि मग बारीक कणांनी घासण्यावाचून गत्यंतर नाही. मंदिरात यादव राजा सिंघण याचा शके ११३६ मधला शिलालेख आहे. राजाचे नाव दगडात राहिले. खांब घोटणाऱ्यांचे नाव कोठेही नाही, आणि हातांच्या खुणाही नाहीत, कारण खुणा न ठेवणे हेच त्यांना सांगितलेले काम होते.

येथून आधुनिक सिरॅमिककडे येताना एक फरक सांगितला पाहिजे. मातीच्या भांड्याला चकाकी द्यायची तर कुंभार ते भट्टीत घालण्यापूर्वी, अर्धवट सुकलेले असताना, गुळगुळीत गोट्याने घोटतो. सातवाहनकाळची घोटीव भांडी दख्खनभर सापडतात. तेथे हाताचे काम आधी आणि अग्नीचे नंतर. शेवटचा शब्द भट्टीचा. ॲल्युमिनासारख्या सिरॅमिकमध्ये हा क्रम उलटतो. पूड साच्यात दाबून आकार दिला जातो आणि सोळाशे अंश सेल्सियसच्या आसपास भाजला जातो. भाजताना कण एकमेकांना जुळतात, मधल्या पोकळ्या भरून येतात आणि वस्तू प्रत्येक बाजूने सुमारे पंधरा ते वीस टक्के आकसते. हे आकसणे सर्वत्र तंतोतंत सारखे होत नाही. मातीच्या घागरीला त्याने काही बिघडत नाही. पंपाच्या सीलची कडी किंवा मानवी खुब्यात बसवायचा गोळा यांना मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची चूकही चालत नाही. म्हणून भट्टीतून बाहेर आल्यावर, पदार्थ सर्वांत कठीण झालेला असताना, त्याला घासावे लागते. अग्नीनंतर पुन्हा हात. फ्रान्समध्ये प्येर बुतँ यांनी १९७० साली ॲल्युमिनाचा कृत्रिम खुबा रुग्णाला बसवला. त्यानंतर अशा खुब्यांचे भवितव्य जसे पदार्थाच्या शुद्धतेवर तसेच घोटकामावर अवलंबून राहिले, कारण खरबरीत गोळा सांध्यात झिजत राहतो.

आता कोल्हापूरच्या पठारांकडे. सह्याद्रीच्या माथ्यावर राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या बाजूंना जांभ्याचे विस्तीर्ण सडे आहेत. लाखो वर्षांच्या पावसाने मूळच्या काळ्या पाषाणातले इतर घटक धुऊन नेले आणि ॲल्युमिनियम व लोह यांची संयुगे मागे राहिली. त्यातूनच बॉक्साइट झाले. दुर्गमानवाडसारख्या ठिकाणचे बॉक्साइट खणून दशकानुदशके बेळगावच्या कारखान्याकडे गेले. हा कारखाना पूर्वी इंडालचा होता, पुढे हिंडाल्कोकडे आला. १८८८ च्या सुमारास कार्ल योसेफ बायर यांनी बसवलेल्या पद्धतीने बॉक्साइटमधून पांढरीशुभ्र ॲल्युमिना निघते. तिचा मोठा हिस्सा जगभर ॲल्युमिनियम धातूसाठी जातो. काही भाग मात्र खास प्रतीची ॲल्युमिना म्हणून सिरॅमिक, अग्निरोधक विटा आणि झिलईच्या पुडी यांच्याकडे वळतो, आणि बेळगावचे नाव या खास ॲल्युमिनासाठी घेतले जाते. बॉक्साइट विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या वर वितळवून थंड केले की कृत्रिम कुरुंद होतो. तो फोडून, चाळून, चिकणमातीसारख्या बंधकात मिसळून पुन्हा भाजला की घासायचे चाक तयार होते. म्हणजे ते चाक स्वतःच एक सिरॅमिक आहे. जे घासायचे तेही पठारावरच्या मातीतूनच यावे आणि ज्याने घासायचे तेही, हे वराहमिहिराच्या कुरुविंदाचेच आधुनिक रूप.

शब्दानेही मोठा प्रवास केला आहे. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातून आलेल्या ‘कोरंडम’ दगडावर निबंध मांडला आणि हे दक्षिणी नाव युरोपीय खनिजशास्त्रात स्थिर झाले. पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांना विजेच्या भट्टीत चकचकीत, अतिशय कठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कोरंडम यांचे संयुग असावे अशा समजुतीने त्यांनी नाव दिले ‘कार्बोरंडम’. प्रत्यक्षात ते सिलिकॉन आणि कार्बन यांचे संयुग निघाले. त्यात कुरुंदाचा अंशही नव्हता. पण नाव चिकटले. भारतात घासायच्या चाकांचे उत्पादन सुरू झाले ते १९४१ साली, उरणजवळच्या मोरा येथे, ग्राइंडवेलच्या कारखान्यात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कारागीर व्हॉल्व्ह बसवताना ‘कार्बोरंडम पेस्ट’ मागतो, तेव्हा तो आपल्याच दक्षिणेकडचा शब्द परदेशी वेषात परत घेत असतो, शिवाय एका फसलेल्या तर्कासह.

घासल्याने नेमके काय होते, याविषयी शास्त्रज्ञांतही दीर्घ वाद झाला. साहित्याच्या अभ्यासकांनी तो जाणून घ्यावा अशा योग्यतेचा आहे. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये म्हटले होते की झिलई म्हणजे ओरखडे नाहीसे होणे नव्हे, ते डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होणे. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज बील्बी यांनी वेगळे मत मांडले. त्यांच्या मते घोटताना पृष्ठभागाचा पातळ थर द्रवासारखा वाहतो आणि ओरखड्यांवर साय धरावी तसा पसरतो. आम्लाने तो थर काढला की खाली झाकलेले जुने ओरखडे पुन्हा दिसू लागतात. १९३७ साली बाउडन आणि ह्यूज यांनी दाखवले की धातूंच्या बाबतीत पुडीच्या कठीणतेपेक्षा तिचा वितळणबिंदू अधिक महत्त्वाचा ठरतो. आज असे मानतात की पदार्थ आणि पद्धत यांनुसार अतिसूक्ष्म कापणे, वाहणे आणि रासायनिक क्रिया या तिन्हींचा वाटा कमीजास्त असतो. तरीही मूळ प्रश्न आम्हांला खिळवून ठेवतो: नितळपणा हा दोष काढून टाकल्याने आला आहे, की दोषावर थर चढल्याने?

सिरॅमिकच्या बाबतीत हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली दाखवून दिले की काचेसारखा ठिसूळ पदार्थ त्याच्या सैद्धांतिक ताकदीच्या फार आधी तुटतो, कारण त्यात सूक्ष्म तडे असतात आणि ताण त्या तड्यांच्या टोकाशी एकवटतो. जाड कणांनी घासलेल्या सिरॅमिकच्या पृष्ठभागाखाली असे तडे शिरतात. वरून वस्तू गुळगुळीत दिसते आणि आतून दुबळी असते. म्हणून चांगल्या कामाचा नियम असा, की प्रत्येक बारीक पायरीने आधीच्या पायरीचे ओरखडे तर काढावेतच, पण तिने खाली सोडलेला तडकलेला थरही पूर्ण काढावा. नऊ मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पुडीनंतर तीन, तीननंतर एक. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर हे आकडे काय आहेत ते समजेल. घाईने मधली पायरी गाळली तर डोळा फसतो, पदार्थ फसत नाही. १९९१ साली बिफानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेही मांडले की काप पुरेसा उथळ ठेवला, मायक्रॉनच्याही अंशात, तर ठिसूळ पदार्थ तडकण्याऐवजी धातूसारखा सरकतो. कठोराशी पुरेशा हळुवारपणे वागले तर तेही मऊपणा दाखवते, ही गोष्ट अनुभवी कारागिराला मोजमापाशिवायही ठाऊक असते.

नितळपणाची परीक्षा करण्याची रीतही सुंदर आहे. घासलेल्या सपाट कडीवर काचेची अचूक सपाट चकती ठेवतात आणि सोडियमच्या एकरंगी पिवळ्या प्रकाशात पाहतात. पृष्ठभाग सपाट असेल तर काळ्या-पिवळ्या सरळ, समांतर पट्ट्या दिसतात. उंचसखल असेल तर पट्ट्या वाकतात. लागोपाठच्या दोन पट्ट्यांत सुमारे ०.३ मायक्रॉनचा फरक. पंपाच्या सीलच्या कडीला दोन-तीन पट्ट्यांपर्यंतचा दोष चालवून घेतात. ज्या हाताने खुणा नाहीशा केल्या, त्याचे काम शेवटी प्रकाशाच्या खुणांनी वाचावे लागते.

कोल्हापूरचा अभियांत्रिकी उद्योग मुळात बिडाचा, म्हणजे ओतकामाचा. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथल्या फाउंड्र्या आणि यंत्रशाळा यांनी शहराला नाव दिले. ऑइल इंजिन येथे घडू लागली तेव्हा म्हादबा मेस्त्रींसारख्यांची नावे लोकांनी कौतुकाने जपली. त्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये एक धडा आहे, जो आतापर्यंतच्या आमच्या मांडणीला मुरड घालतो. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी करून चालत नाही. ती तशी केली तर तेल तिच्यावर टिकत नाही आणि पिस्टनच्या रिंगा धरतात. म्हणून होनिंग करताना भाजलेल्या कुरुंदाच्या किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या फिरवत वरखाली नेतात आणि भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी मुद्दाम ठेवतात. त्या रेघांत तेल राहते. येथे उत्तम काम म्हणजे खुणा पुसणे नव्हे; कोणत्या खुणा ठेवायच्या ते ठरवणे. ‘घासून गुळगुळीत झालेली प्रतिमा’ असे आपण समीक्षेत दोष म्हणून म्हणतो. तो दोष का आहे, हे होनिंग करणाऱ्याला आपल्यापेक्षा लवकर कळावे: जिच्यावर काहीच टिकत नाही अशी ती प्रतिमा.

वजाबाकीतले जे वजा होते, ते कोठे जाते, हा प्रश्न राहिला. मण्यावरून निघालेली पूड नाहीशी होत नाही. हवेत जाते आणि घासणाऱ्याच्या छातीत उतरते. गुजरातेत खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांमधला सिलिकोसिस हा व्यवसायजन्य आजार वैद्यकीय अभ्यासांतून वारंवार नोंदला गेला आहे. सिलिकाची धूळ फुप्फुसात व्रण करीत जाते आणि हा आजार उलटवणारा उपचार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला. जेथे वाळूच्या साच्यांत ओतकाम होते, तेथे ओतीव मालाला चिकटलेली वाळू व कड ग्राइंडरने काढणाऱ्या फेटलिंगच्या कामगाराला हाच धोका असतो. पाण्याचा वापर, धूळ खेचणारी यंत्रणा आणि योग्य मुखवटा यांनी तो पुष्कळ कमी करता येतो. उपाय अवघड नाहीत, ते करण्याची इच्छा मात्र लागते. भर्तृहरीच्या श्लोकात मणी क्षीण होऊन शोभतो. शाणेवर बसलेला माणूसही क्षीण होतो, पण त्याने कशालाही शोभा येत नाही. आमच्या मते परंपरेतली ही सर्वांत गंभीर गाळलेली जागा आहे.

पठारालाही अशीच किंमत द्यावी लागते. जांभ्याचे सडे उजाड दिसतात म्हणून त्यांना पडीक म्हणण्याची सवय आहे. प्रत्यक्षात पावसाळ्यात तेथे केवळ अशाच पातळ मातीच्या थरावर उगवणाऱ्या वनस्पतींचे जग फुलते. बॉक्साइटसाठी खणलेला सडा पुन्हा मातीने भरता येतो. लाखो वर्षांच्या पावसाने घडवलेला त्याचा पृष्ठभाग पुन्हा आणता येत नाही.

मग या कामाचा इतिहास लिहायचा कसा? वर आलेल्या उदाहरणांतूनच पद्धत सुचते. तयार, झगमगीत वस्तूंकडे पाहून तो मिळणार नाही. तो मण्याच्या न घोटलेल्या भोकात आहे, अर्धवट सोडलेल्या आणि तुटलेल्या मालात आहे, झिजून लहान झालेल्या चाकात आहे, शिकलगारासारख्या आडनावात आहे, वैद्यकीय नोंदींत आहे. आपल्या संग्रहालयांनी पोसायडनशेजारी एखादा तुटका मणी आणि एखादे झिजलेले चाक ठेवावे, अशी आमची सूचना आहे. मराठीच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना त्याहून जवळचे काम आहे. उद्यमनगरातल्या यंत्रशाळांत घासण्याच्या, घोटण्याच्या, ‘पेस्ट लावून बसवण्याच्या’ क्रियांसाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून तयार झालेली जी बोली आहे, ती कोशात आलेली नाही. आज ते काम अधिकाधिक प्रमाणात संगणकनियंत्रित यंत्रांकडे जात आहे, आणि जुन्या हातांबरोबर शब्दही जातील. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे आणि उद्यमनगर तेथून काही मैलांवर. एका वर्गाने एका सत्रात हे शब्द गोळा करणे अशक्य नाही.

म्हण बदलावी असे आमचे म्हणणे नाही. म्हणी कोणाच्या सांगण्यावरून बदलत नाहीत. टाकीचा घाव एकदाच बसतो आणि त्याचा आवाज होतो, म्हणून तो भाषेने ऐकला. कुरुंदाचा आवाज बारीक आणि एकसुरी असतो, आणि तो दिवसभर चालू राहतो. तो ऐकण्यासाठी थोडे जवळ जाऊन बसावे लागते.